येलदरीच्या पोरींचे डाव

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या खेळाच्या सरांनी मला हेर केलं. हा शब्द सरांचा नाही, माझा. सर म्हणाले होते, "तू फक्त बघून ये."

खेळ होता अमेरिकन फुटबॉल. त्यातला मुलींसाठीचा, अंगाला अंग न लावता खेळायचा प्रकार. ताडकळसला हा खेळ कसा आला, असं लोक अजून विचारतात. सर कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना पपईच्या आकाराचा एक चेंडू घेऊन आले. कबड्डीत आणि खो-खोत आमचं कॉलेज पहिल्याच फेरीत घरी यायचं. या खेळात मुळात संघच थोडे होते. "इथं तरी नशीब काढू," असं त्यांनी सरळ सांगितलं.

खेळ कळायला अवघड नाही. एका बाजूला पाच जणी. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा आणि त्याला दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या दोन कापडी पट्ट्या. चेंडू जिच्या हातात असेल तिची पट्टी ओढली की चर्रकन सुटून हातात येते, आणि तो डाव तिथंच थांबतो. चार डावांत अर्धं मैदान ओलांडायचं, मग आणखी चार डावांत शेवटची रेघ. रेघ ओलांडली की सहा गुण. एक जण मागं उभी राहून चेंडू फेकते, बाकीच्या पळत सुटतात. कोण कुठं पळणार आणि चेंडू कुणाकडं जाणार, हे समोरच्यांना कळू द्यायचं नाही. सगळी गंमत तेवढ्यातच आहे.

मी संघात होते, पण बाहेर बसणाऱ्यांत. मला पळता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे पळायचे, पण पोहोचायचे नाही. सरावाला मी कडेला बसून राहायची आणि चेंडू सुटायच्या आधी तोंडातल्या तोंडात बोलायची, "आता डावीकडं. आता मधून." आमची कॅप्टन वैतागली. ती पाटलाच्या मळ्यातली, उंच, तापट पोरगी. "सर, हिला गप बसवा, ही आमचा डाव फोडायलीय," असं तिनं ओरडून सांगितलं. सरांनी मला गप बसवलं नाही. शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "बोल आता, कुठं जाणार?" पाचातले चार मी बरोबर सांगितले.

ते मला कुणी शिकवलं असेल तर आईनं. आठवडी बाजारात आई टिकल्या, पिना, कंगवे, रिबिनी मांडून बसायची आणि मी तिच्याजवळ. ती म्हणायची, "बायकांच्या हाताकडं बघू नको. घ्यायचं नसतंय ते हातात धरून भाव करतेत. घ्यायचं असतंय तिकडं बघत बी न्हाईत." दहा वर्षं बाजारात बसल्यावर माणूस काय लपवतंय ते आपोआप दिसायला लागतं.

त्या वर्षी परभणीला विभागाच्या स्पर्धा होत्या आणि आमची पहिलीच गाठ येलदरीकडच्या संघाशी पडली होती. आदल्या वर्षी त्यांनी आम्हाला इतकं हरवलं होतं की परतीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नव्हतं. त्यांचे व्हिडिओ कुठं नव्हते. सरांनी मला बोलावलं. "तुझी मावशी येलदरीला हाय म्हणत व्हतीस ना?"

"हाय सर. काका धरणावर मासेमारीच्या कामाला हाएत."

"मग दोन दिवस जाऊन ये मावशीकडं. त्यांचा सराव बघ. फोन काढू नको, शूटिंग करू नको. फक्त बघ."

शनिवारी सकाळी निघाले. ताडकळस, परभणी, जिंतूर, येलदरी असं बस बदलत बदलत दुपार झाली. मावशीला वाटलं भाची आठवणीनं आली. तिनं रोहूचं कालवण केलं. मी त्याच्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या.

त्यांचं मैदान वसाहतीच्या मागं होतं. कडेला बाभळी, पलीकडं पाण्याचा पांढरा पट्टा. मी बाभळीखाली बसले. दहा मुली होत्या आणि त्यांच्यात चेंडू फेकणारी एकच. बारीक, काळीसावळी, वेणी गुंडाळून बांधलेली. तिला बघितलं आणि मी हेर आहे हेच विसरले. काय फेकायची! चेंडू हातातून निघाला की मळसूत्रासारखा फिरत जायचा आणि पळणारीच्या ओंजळीत अलगद येऊन पडायचा. डावाच्या आधी ती नाव पुकारायची. मुली बहुतेक धरणावरच्या कुटुंबांतल्या होत्या, म्हणून नावंही माशांची. "रोहू!" "मरळ!" "कटला!" "झिंगा!"

रविवारी पुन्हा जाऊन बसले. त्यांची एक खेळाडू लग्नाला गेली होती, पाच-पाच धरून एक कमी पडत होती. ती फेकणारी सरळ माझ्याकडं चालत आली.

"ए, कालपासून बघायलीस. पळता येतंय का?"

"थोडंथोडं."

"थोडंथोडं चालतंय. ऊठ."

तिनं स्वतःच्या हातानं माझ्या कमरेला पट्टा बांधला. मग जे मला बाभळीखालून चार दिवसांत कळलं नसतं ते तिनं दहा मिनिटांत समजावून सांगितलं. रोहू म्हणजे उजवीकडं जवळची फेक. मरळ म्हणजे चेंडू फेकायचाच नाही, हातातल्या हातात त्यांच्या बुटक्या मुलीकडं द्यायचा आणि ती मधून निसटून जाणार. झिंगा म्हणजे उजवीकडं फेकल्यासारखं करून डावीकडं. आणि कटला म्हणजे लांबची फेक, त्यांच्यातल्या उंच मुलीकडं, पार शेवटच्या रेघेपाशी. दोन तास खेळले. एकदा तिची फेक माझ्या हातात बसलीसुद्धा, तेव्हा सगळ्या ओरडल्या. आमच्या कॉलेजात माझ्यासाठी कुणी कधी ओरडलं नव्हतं.

नंतर हौदापाशी बसून पाणी प्यायलो. ती उजवा खांदा डाव्या हातानं दाबत होती.

"दुखतंय का?" मी विचारलं.

तिनं मागं वळून बघितलं. बाकीच्या लांब होत्या. "कटला फेकला की आतून कळ येतीय. एक फेकला तर निभतंय. दुसरा फेकला की रातभर झोप न्हाई. दोन महिने झाले." मग घाईनं म्हणाली, "आमच्या सरांना सांगू नको हां. बसवून ठेवतील मला."

"मी कशाला सांगू तुमच्या सरांना?"

"कुठली तू?"

"पूर्णेकडची. मावशीकडं आलेय."

ताडकळस पूर्णा तालुक्यातच येतं, त्यामुळं यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. जिंतूरच्या बसमध्ये बसून वही उघडली तेव्हा मी मनाशी तेच घोकत होते. चारही डाव लिहिले, आकृत्या काढल्या. पहिल्या डावाला बहुतेक मरळ. रोहूच्या आधी ती बोटं जिभेला लावून ओली करते. मरळच्या वेळी बुटक्या मुलीकडं चुकूनही बघत नाही, म्हणून ती जिच्याकडं बघत नाही तिच्यावर नजर ठेवा. आणि शेवटी लिहिलं, 'खांदा दुखतो. लांबची फेक एकदाच. दुसऱ्यांदा टाळेल.' तिच्या सरांना सांगणार नाही असा शब्द दिला होता आणि तो मी पाळत होते. आमच्या सरांबद्दल तिनं काही विचारलंच नव्हतं.

सोमवारी सरांनी वही वाचली. वाचताना दोनदा "वा, पोरी" म्हणाले. शेवटच्या ओळीवर थांबले.

"हे तुला दिसलं, का कुणी सांगितलं?"

"तिनंच सांगितलं, सर."

सरांनी वही मिटली. जरा वेळानं परत उघडली. "असू दे. खेळात चालतंय," ते म्हणाले, पण माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत.

कॅप्टनला मात्र काही वाटलं नाही. तिनं लगेच हिशेब जमवला. "म्हंजे मागं राखायला कुणी थांबायचंच न्हाई. सगळ्या पुढं. जवळचं सगळं बंद करू, बघू काय करतीय."

सामना परभणीच्या मैदानावर सकाळी नऊला होता. मी आमच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसले. पहिला अर्धा वेळ म्हणजे वहीचं पान उलगडत जावं तसा होता. त्यांची फेकणारी बोटं ओली करायची आणि आमच्या पोरी उजवीकडं जाऊन थांबायच्या. "मरळ" म्हणायची आणि बुटकी चार पावलं जायच्या आत तिच्या दोन्ही पट्ट्या आमच्या हातात यायच्या. कटला तेवढा तिनं अजून फेकला नव्हता. आम्ही दोनदा रेघ ओलांडली. बारा-शून्य. आमच्या पोरी मला मिठ्या मारायला लागल्या, आणि त्या मिठ्यांतून मान वर काढली तेव्हा ती मैदानापलीकडून माझ्याकडं बघत होती.

मध्यंतरात ती पाण्याची बाटली घेऊन आमच्या बाकापाशी आली. 

"मावशी बरी हाय का?" तिनं विचारलं.

"बरी हाय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिनं माझ्या मांडीवरच्या वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि परत गेली. मैदानाच्या मध्यावर मुलींना गोलात घेऊन उभी राहिली आणि बराच वेळ खाली मान घालून बोलत होती.

दुसऱ्या अर्ध्यात पहिल्याच डावाला तिनं "मरळ!" अशी आरोळी ठोकली. आमच्या पाचही जणी बुटकीवर तुटून पडल्या. आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून, फिरत फिरत, थेट शेवटच्या रेघेपाशी एकट्या उभ्या असलेल्या उंच मुलीच्या हातात. सहा गुण.

सगळी नावं बदलली होती. रोहू रोहू राहिला नव्हता, झिंगा झिंगा राहिला नव्हता. आमच्या पोरी दर डावाला माझ्याकडं बघायला लागल्या. मी वही बंद केली आणि नुसतं तिच्याकडं बघत राहिले. नावं बदलता येतात, पण दुखणं लपवता येत नाही. लांब फेकायच्या आधी ती कोपर बरगडीला घट्ट धरायची आणि जबडा आवळायची. दुसऱ्यांदा कोपर बरगडीला गेलं तेव्हा मी उभी राहून ओरडले, "मागं! मागं जा!" कॅप्टननं वळून हात उडवला. तिचा वहीवर विश्वास बसला होता. दुसऱ्यांदा टाळेल, असं मीच तर लिहिलं होतं.

बारा-बारा झाले.

तिसऱ्या वेळी मी ओरडले नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. तिचा जबडा आवळलेला दिसला, चेंडू कुठं जाणार ते कळलं, तो पोहोचल्यावर तिचं काय होणार तेही कळलं. मला दोन्ही थांबवता येत नव्हतं. चेंडू गेला. उंच मुलीनं झेलला. त्यांच्या मुली नाचायला लागल्या आणि ती एकटी उजवा हात पोटाशी धरून गुडघ्यावर बसली. चेहरा राखेसारखा झालेला. उरलेली पाच मिनिटं त्यांनी तिला उभी ठेवली ती फक्त चेंडू हातातून हातात द्यायला. अठरा-बारानं त्या जिंकल्या.

शेवटी हात मिळवायला रांगा लागल्या. ती सगळ्यांना डावा हात देत आली. माझ्यापाशी आली तेव्हा तो हातही खाली घेतला आणि पुढं गेली.

पंधरा दिवसांनी सरांनी मला स्टाफरूमच्या बाहेर थांबवलं. येलदरीचा संघ विभाग जिंकून राज्याच्या स्पर्धेला जाणार होता, पण ती नव्हती. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला होता, सहा महिने चेंडूला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. 

"ती ओळ मी खोडायला पाहिजे व्हती," सर म्हणाले.

"मी लिहायला नको व्हती, सर."

 घंटा झाली आणि ते वर्गावर गेले.

मी परत येलदरीला गेले. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं. मावशीकडंही आधी गेले नाही, बसमधून उतरून सरळ मैदानावर. ती कडेला खुर्ची टाकून बसली होती, हात झोळीत, आणि बसल्या जागेवरून दुसऱ्या एका मुलीला फेकायला शिकवत होती. मला बघून शिकवायची थांबली.

"आता काय बघायला आलीस?"

"तुला."

"वही आणलीस का?"

"आणलीय."

"मग वाच. माझ्याबद्दल काय काय लिहिलंस ते वाच."

मी तिच्या पायापाशी गवतात बसले आणि वाचायला लागले. बोटं ओली करते, हे ऐकून तिला हसू आलं, ते तिनं दाबलं. बुटक्या मुलीकडं बघत नाही, या ओळीला मात्र ती एकदम पुढं वाकली. "खरंच न्हाई बघत?"

"एकदा बी न्हाई."

तिनं मैदानाकडं तोंड करून आरोळी दिली, "ए, ऐकलं का? मरळ खेळताना चौघींकडं बघायचं, सारखं सारखं!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पुढं वाच."

शेवटच्या ओळीपाशी मी थांबले.

"वाच ना."

वाचली. बाभळीवर होले घुमत होते. 

"हे तू बघून लिहिलेलं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"बाकीचं सगळं तुझं. तू बघितलंस, तुझं झालं. मला त्याचं काही न्हाई. हे माझं व्हतं."

मी ते पान फाडून तिच्या हातात दिलं. त्याच्या पाठीला झिंग्याची आकृती होती, तीही गेली. तिनं पानाची घडी केली आणि झोळीत हाताखाली ठेवली.

"लय दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय तर काय." मग म्हणाली, "तिसरा कटला म्या माझ्या मनानं फेकला. तू काय माझा हात धरून फेकवला न्हाईस. आमचे सर बी नको म्हणत व्हते." मला वाटलं आता ती माफ करणार. ती म्हणाली, "पण राग हाय मला. सांगून ठेवते."

"असू दे," मी म्हणाले.

"असू दे तर असू दे. चल, माय वाट बघत असंल, जेवून जा."

तिची आई जिंतूर रोडला मासे विकायची. मी कोण, हे पोरीनं आईला सांगितलं नाही. "पूर्णेकडची हाय, आमच्यात खेळली व्हती," एवढंच. तिच्या आईनं माझ्या ताटात भाजलेल्या माशाचा मधला तुकडा वाढला.

पुढं आमचे फोन चालू राहिले, थोडे थोडे. पुढच्या वर्षी ती खेळली, पण फेकणारी म्हणून नाही, पळणारी म्हणून. त्या सामन्याच्या आधी मी तिला फोन करून सांगितलं, मी बघायला येतेय आणि लिहिणार आहे. "ये की," ती म्हणाली, "आता बघून लिहिण्यासारखं बी काय उरलं न्हाई." त्या वर्षी आम्ही जिंकलो. त्यानंतर मी पूर्णेला शिकायला गेले आणि माझा खेळ सुटला.

मग एका वर्षी उन्हाळ्यात तिचा फोन आला. पोलीस भरतीची तयारी करत होती. पळण्यात तिला काही अडचण नव्हती, गोळाफेकीत मात्र गोळा हवा तेवढा लांब जात नव्हता. एकदा त्याच्यावरच ती नापास झाली होती. डॉक्टर म्हणत होते खांदा आता बरा आहे.

"ताकद हाय, तरी जाईना," ती म्हणाली. "तू ये आन् बघ. काय चुकायलंय ते मला सांग."

मी चार दिवस मावशीकडं राहिले. रोज सकाळी उजाडताच तिच्याबरोबर मैदानावर. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. तिचे पाय बरोबर पडत होते, कंबर बरोबर फिरत होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या समोर, लांब, गोळा पडतो तिथून पलीकडं जाऊन उभी राहिले. मग दिसलं. तिनं चुन्यानं एक रेघ मारली होती, पास व्हायची. गोळा सोडायच्या क्षणी ती त्या रेघेकडं बघायची, पडेल का नाही म्हणून. नजर खाली गेली की हनुवटी खाली, हनुवटी खाली गेली की हात खाली. दर वेळी गोळा रेघेच्या अलीकडं.

मी ती रेघ पायानं पुसून टाकली.

"अगं, काय करायलीस?" ती ओरडली.

"तू भीत भीत फेकायलीस. रेघेकडं बघायचं न्हाई. हे बघ, माझ्या डोक्याच्या वर बघ, आभाळात. गोळा कुठं पडला ते मी सांगीन."

उरलेल्या दिवसांत मी तिला एकदाही तिची फेक मोजू दिली नाही. फक्त "बरा," "आणखी बरा," "हा लय बरा," असं म्हणत राहिले.

भरतीच्या दिवशी आत कुणाला सोडत नव्हते. फाटकाबाहेर शेकडो माणसं, आया, भाऊ, डबे. मी एका रसवंतीच्या सावलीत बसून होते. अकराच्या सुमाराला ती बाहेर आली, छातीवर नंबरची पट्टी, कोपरापर्यंत धूळ. माझ्याशेजारी धपकन बसली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघून ओळखायचा प्रयत्न केला आणि पहिल्यांदाच मला काहीच ओळखता आलं नाही.

"गेला," ती म्हणाली. "लय लांब गेला."

मी डबा उघडला. माझ्या आईनं धपाटे दिले होते. तिनं उजव्या हातानं एक उचलला, अर्धा तोडून मला दिला, आणि आम्ही दोघी फाटकातून बाहेर येणाऱ्या पोरींकडं बघत खात बसलो.